हरिकेनचं वेदरिंग (मॉडेलवर झीज आणि मळ दाखवणं): आधी रंगाखाली काय आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: १/४८ स्केलमध्ये हॉकर हरिकेन मार्क टू-सी या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल बांधलं, १९४४ सालचं, इंफाळच्या आघाडीवरचं, भारतीय हवाई दलाचं. जोडणी आणि रंग मनासारखे झाले. मग व्हिडिओ बघून स्पंजने रंग उडाल्याचे चंदेरी टवके पाडले, रेषांमध्ये काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग) सोडला, वरून धूळ उडवली. आता विमान लढून आलेलं वाटायच्या ऐवजी भंगारातून उचलून आणल्यासारखं दिसतंय. कुठं चुकलं, आणि ते वाचवता येईल का?

वाचवता येईल, ते शेवटी सांगतो. आधी चूक समजून घेऊ. तुमच्या हातात काही कमी नाही. पाठवलेल्या फोटोंत कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या) चौकटीच्या कडा बघितल्या, इतक्या सरळ कडा वर्षानुवर्षं मॉडेल करणाऱ्यांनाही जमत नाहीत. चूक झाली ती टवके कुठं पडतात हे न बघता पाडल्यामुळे. शेपटीपासून नाकापर्यंत सगळीकडे सारखेच चंदेरी ठिपके आहेत. हरिकेनमध्ये तसं होऊच शकत नाही, कारण या विमानाचा मागचा अर्धा भाग कापडाचा होता.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी माझं दुसरं हरिकेन पूर्ण केलं आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकांना दाखवायला नेलं. ते हवाई दलातून एअरफ्रेम फिटर म्हणून निवृत्त झालेले, नोकरीची सुरुवातीची वर्षं टायगर मॉथवर गेलेली. त्यांनी मॉडेल हातात घेतलं नाही, टेबलावरच ठेवायला लावलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून बराच वेळ बघत राहिले. मग शेपटीच्या अलीकडे, जिथे मी मोठ्या हौसेने टवके पाडले होते, तिथे करंगळी टेकवली आणि म्हणाले, "इथं चांदी कुठून आली? हे कापड आहे रे. कापड फाटतं, मळतं, उन्हाने विटतं. त्याला ठिगळ लागतं. त्याचा पत्रा होत नाही." मग त्यांनी डोप, म्हणजे विमानाच्या कापडावर द्यायचं लॅकरसारखं द्रव, चढवण्याचं काम सांगितलं: लिननवर डोपचा हात फिरला की कापड आवळत जातं, डफासारखं ताणतं, टिचकी मारली की आवाज येतो. हँगरभर नेलपॉलिशसारखा वास. भोक पडलं की कातरलेल्या दातेरी कडांचं ठिगळ डोपने चिकटवायचं, दातेरी अशासाठी की कड उसवू नये. त्या संध्याकाळनंतर मी कुठल्याही विमानाचा रंगाचा डबा उघडण्याआधी ते कशाचं बनलं होतं ते बघतो.

हरिकेनची रचना म्हणजे दोन जमान्यांचा सांधा आहे. सिडनी कॅमने आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. धडाचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा, त्याला आकार द्यायला लाकडी चौकटी आणि लांब लाकडी पट्ट्या, आणि त्यावर ताणलेलं लिनन. इंजिनापासून कॉकपिटच्या आसपासपर्यंत धातूचे पत्रे, त्यामागे शेपटीपर्यंत कापड. उभं शेपूट, आडवं शेपूट, रडर आणि एलिव्हेटर (शेपटीवरची हलणारी झडपं) आणि पंखांवरची तशीच झडपं, म्हणजे एलरॉनही कापडाचीच. सुरुवातीच्या मार्क वनचे पंखसुद्धा कापडाचे होते, पुढे ते धातूचे झाले. तुमच्या मार्क टू-सीचे पंख पूर्ण धातूचे आहेत. म्हणजे तुमच्या समोरच्या एकाच मॉडेलवर दोन वेगळी पृष्ठं आहेत आणि दोघांचं म्हातारपण वेगळं आहे. स्पिटफायरचं धड सगळं धातूचं, त्यामुळे त्याच्यासाठी केलेला व्हिडिओ बघून हरिकेनवर हात चालवला की फसगत होणारच.

आता टवक्यांकडे येऊ. रंग निघतो तो माणसांमुळे आणि हत्यारांमुळे, हवेमुळे फारसा नाही. वैमानिक डाव्या बाजूच्या पायरीवरून पंखाच्या मुळाशी चढतो. मेकॅनिक दोन्ही पंखांच्या मुळांवर उभे राहून इंजिनाची झाकणं उघडतात. तोफांमध्ये गोळ्या भरायला पंखावरची झाकणं वारंवार उघडतात. म्हणून टवके तीन ठिकाणी: पंखाच्या मुळाशी, इंजिनाच्या झाकणांच्या कडांना आणि खिळ्यांभोवती, आणि तोफांच्या झाकणांच्या कडांना. पंखाच्या पुढच्या कडेला खडी उडून थोडे ठिपके, तेही प्रोपेलरच्या मागच्या पट्ट्यात जास्त. बाकी सगळीकडे हात आवरा.

प्रोपेलरचंही तसंच. रोटोल कंपनीच्या प्रोपेलरची पाती बहुधा लाकडाची असत. म्हणजे त्यांच्या तोंडावर चंदेरी ओरखडे काढणं चूक, फक्त पुढच्या कडेला धातूची पट्टी असते तिथे थोडी झीज दाखवता येते. मी स्वतः कितीतरी वर्षं प्रत्येक पात्याला चंदेरी पेन्सिल फिरवत आलो होतो. आता पात्यांवर पिवळ्या टोकांपाशी थोडी धूळ सोडली की थांबतो.

टवक्याचं माप हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते मॉडेल बिघडतं ते सगळ्यात जास्त इथेच. हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर. १/४८ मध्ये तो २५.४ सेंटिमीटर होतो. तुमच्या मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ४८ मिलिमीटर. स्पंजने पडलेला अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका खऱ्या विमानावर २४ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढा उघडा पत्रा. पंखभर अशी नाणी पडलेलं विमान कुठल्याही फ्लाइट सार्जंटने उडू दिलं नसतं. खऱ्या ५ मिलिमीटरच्या टवक्यासाठी मॉडेलवर ०.१ मिलिमीटरचा ठिपका हवा. तो स्पंजने येत नाही. टोक काढलेल्या चंदेरी पेन्सिलीने किंवा ०००० नंबरच्या ब्रशच्या एकाच केसाने येतो, तोही कोपर टेबलाला टेकवून. आणि शुद्ध चांदी वापरू नका, तिच्यात थोडा गडद करडा मिसळा. उघडा पत्रा दोन दिवसांत निस्तेज होतो.

पंखाच्या मुळाशी मात्र झीज जरा मोकळेपणाने दाखवा, तिथे रोज बूट घासतात. त्या जागेसाठी मला हेअरस्प्रेची पद्धत आवडते. आधी चंदेरी रंग, तो वाळला की हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, त्यावर छलावरणाचा अ‍ॅक्रिलिक रंग. तासाभरात साध्या पाण्याने ओला केलेला आखूड ब्रश फिरवला की रंग कडेकडेने निघतो आणि झिजलेल्या पायवाटेसारखा दिसतो. एक काळजी घ्या: वरचा रंग पाण्याने किंवा त्याच कंपनीच्या अ‍ॅक्रिलिक थिनरने पातळ केलेला हवा. लॅकर थिनरने पातळ केलेला रंग इतका घट्ट धरतो की पाण्याला दाद देत नाही.

कापडाच्या भागाचं काय मग? तिथे टवके नाहीत, पण काम भरपूर आहे, आणि हरिकेनमधला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. उन्हात कापडावरचा डोप विटतो. आतल्या पट्ट्यांवर कापड ताणलेलं असतं, त्या उंचवट्यांवर ऊन आणि हात दोन्ही लागतात, म्हणून तिथे रंग किंचित फिका होतो. मधल्या खोलगट जागेत मळ धरतो, तोही किंचितच. किट बनवणारे या पट्ट्या बहुतेक वेळा वाजवीपेक्षा जास्त उठावदार करतात. खरं कापड ताणलेलं असतं, पोटात गेलेलं नसतं. रंगाआधी ८०० नंबरचा ओला सँडपेपर चार-पाच वेळा हलक्या हाताने फिरवून ते उंचवटे थोडे दाबून घ्या. मग मूळ रंगात १० टक्के पांढरट बदामी मिसळून, भरपूर पातळ करून, फक्त पट्ट्यांच्या माथ्यावरून एअरब्रशने धावता हात द्या. दिसेल न दिसेल इतकाच. ठिगळ दाखवायचं असेल तर डिकॅलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या कागदाच्या) रिकाम्या पारदर्शक भागाचा ३ मिलिमीटरचा चौकोन कापा, रंगवा, मागच्या धडावर एखाद्या ठिकाणी लावा. ठिगळाचा रंग आजूबाजूपेक्षा ताजा, गडद असतो, कारण ते नवं असतं. एक पुरे.

आता खुणांबद्दल, कारण फोटोत एक गोष्ट खटकली. तुम्ही किटमधल्या युरोपातल्या विमानांच्या गोल खुणा लावल्यात, मध्ये लाल ठिपका असलेल्या. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, म्हणून गफलत टाळायला या आघाडीवरच्या दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरून लाल रंग काढला होता. १९४४ च्या इंफाळमधल्या विमानावर गडद निळ्यात फिकट निळा किंवा पांढरा अशी दोनच रंगांची खूण हवी आणि शेपटीवरच्या पट्टीतही लाल नको. एवढी एक गोष्ट चुकली तरी बाकी मेहनत कितीही असो, जाणकाराची नजर तिथेच अडकते. पंखांवर आणि शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टे द्यायचा मोह होईल, पण ते १९४५ चे. १९४४ च्या विमानाला नकोत.

म्हणून माझा आग्रह असतो की "बर्मा आघाडीचं हरिकेन" असं मोघम बांधू नका. एक स्क्वॉड्रन घ्या, एक महिना घ्या. अर्जन सिंगांच्या नेतृत्वाखालची १ नंबरची स्क्वॉड्रन, 'टायगर्स', फेब्रुवारी १९४४ मध्ये इंफाळला आली. मार्चपासून जपानी फौजांनी वेढा घातला, २२ जूनला कोहिमाकडचा रस्ता मोकळा झाला. त्या वेढ्यात या विमानांनी टेहळणी केली, जमिनीवरच्या सैन्याला मदत केली, आणि अर्जन सिंगांना त्याच वर्षी डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. आता विचार करा: मार्चमधलं विमान आणि जुलैमधलं विमान सारखं कसं दिसेल? मार्चमध्ये कोरडी धूळ. जुलैमध्ये चिखल, चाकांनी उडवलेला, पंखांच्या खालच्या बाजूला आणि पोटावर वाळलेला, वरून पावसाने धुतलेला. तुम्ही एकाच मॉडेलवर दोन्ही केलंय. वरून कोरडी धूळ आणि खाली ओला चिखल एकत्र आले की नजरेला काही तरी खोटं वाटतं, नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी.

रंगांबद्दल थोडक्यात. वरच्या बाजूला डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे. टॅमियाचे एक्सएफ-५२, एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-८३ जवळ जातात. मिस्टर हॉबीचे एच-७२, एच-७३ आणि एच-३३५ मला अधिक पटतात, विशेषतः डार्क अर्थ. दोन्ही कंपन्यांचे रंग थेट बाटलीतून लावले तर एवढ्या लहान आकारावर गडद वाटतात. दहा टक्के फिके करून घ्या. नाकाखाली व्होक्सचा मोठा धूळगाळणीचा डबा असलेला भाग हवा, तुम्ही तो बरोबर लावलाय. चारही तोफा ठेवायच्या की दोनच, हे मात्र त्याच विमानाचा फोटो बघून ठरवा. या आघाडीवर वजन कमी करायला काही विमानांच्या दोन तोफा काढलेल्या असायच्या.

वॉश काळा नको. काळ्या रेषांनी विमान चौकटीच्या वहीसारखं दिसतं. मी कॅमलचे आर्टिस्ट ऑइल कलर वापरतो, बर्न्ट अंबरमध्ये थोडा करडा. वाटाण्याएवढा रंग आणि चित्रकारांच्या दुकानात मिळणारा बिनवासाचा थिनर, कोऱ्या चहाएवढा पातळ होईपर्यंत. आधी चकचकीत क्लिअर कोट (पारदर्शक थर) हवा, तो किमान एक दिवस वाळलेला हवा. बारीक ब्रशचं टोक रेषेला नुसतं टेकवा, वॉश आपोआप धावतो. अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने हवेच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे पुसा. पंखांवर आणि नाकावर हे करा. मागच्या कापडी धडावर पत्र्यांचे जोड नाहीतच, तिथे वॉशचं कामही नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर या कामाला कधीही आणू नका, ते रंगासकट प्लॅस्टिक खातं.

त्याच ऑइल कलरनी रंग विटवण्याचं कामही होतं. मॅट कोट झाल्यावर पंखावर पांढरा, पिवळी माती आणि करडा यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके विखरून द्या, थिनरने जेमतेम ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने पुढून मागे ओढत जा. ठिपके दिसेनासे होतात आणि मागे उरतो तो फक्त रंगातला फरक. एका वेळी दोन इंचांचाच तुकडा घ्या. वाळायला दोन-तीन दिवस द्या, घाईने बोट लावलंत तर ठसा कायमचा.

मर्लिन इंजिनाच्या धुरांड्यांचा डाग हरिकेनची ओळखच आहे. तो धडाच्या बाजूने, पंखाच्या मुळावरून कॉकपिटच्या खालपर्यंत जातो. बरेच जण तो नुसता काळा करतात. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्यामुळे लांब पल्ल्याच्या उड्डाणानंतर डागाच्या मधोमध फिकट राखाडी-बदामी थर बसतो, काजळी कडांना राहते. काळ्यात लालसर तपकिरी मिसळा, नव्वद टक्के थिनर, एअरब्रशचा दाब १० पीएसआयच्या आसपास, आणि पाच-सहा हात इतके पातळ की पहिले दोन दिसूच नयेत. मग मधून बफ (फिकट बदामी) रंगाची एकच अरुंद रेघ. दोन्ही बाजूंचे डाग हुबेहूब सारखे करू नका.

धुळीसाठी अंगणातली माती चाळून वापरू नका. कितीही चाळली तरी तिचा कण ०.१ मिलिमीटरचा असतो, म्हणजे मॉडेलच्या हिशेबाने ५ मिलिमीटरची खडी. सॉफ्ट पेस्टलची कांडी ब्लेडने खरवडून मिळणारी पूड पुरते. चाकांना, चाकांच्या खाचेत आणि मुळाशी बुटांच्या जागी ती लावा.

तुम्ही कोकणात राहता म्हणून एक सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर रंग किंवा लॅकर क्लिअर कोट मारला की तो दुधाळ होतो. थिनर उडताना पृष्ठ गार पडतं आणि हवेतली ओल त्यावर धरते. माझं एक अख्खं मॉडेल असं पांढरं पडलं होतं. घासून काढायला निघालो होतो, पण नुसतं रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव्य) असलेलं लेव्हलिंग थिनर लांबून अगदी हलकं मारल्यावर रंग पुन्हा साफ झाला. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावा आणि तासातासाने रिकामी करा. कॅनॉपी मात्र इन्स्टंट ग्लूने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. त्यासाठी फेव्हिकॉलच बरा, वाळला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या काडीने पुसता येतो.

आता तुमचं मॉडेल. क्लिअर कोट कुठला आहे ते आधी सांगितलंत तर बरं, पण अ‍ॅक्रिलिक असेल असं धरून चालतो. पेस्टलची धूळ पाण्याने ओल्या मऊ ब्रशने उतरवा. वॉश ऑइल कलरचा किंवा इनॅमलचा असेल तर थिनरच्या कापसाच्या काडीने बराचसा निघेल. कॉकपिटच्या मागे शेपटीपर्यंत, शेपटावर, रडरवर आणि एलरॉनवर जेवढे चंदेरी ठिपके आहेत तेवढे मूळ रंगाने ब्रशने झाका. रंग तंतोतंत जुळला नाही तरी चालेल, उलट किंचित वेगळा असेल तर कापड डागडुजी केलेलं दिसेल. पंखांवरचे मोठे टवके चारही बाजूंनी रंगाने आत घेत अर्धे करा. गोल खुणांच्या मधला लाल ठिपका काढायला खरडू नका, त्यावर फिकट निळा रंग चढवा. तो एक हातात झाकला जात नाही, आधी पांढऱ्याचा पातळ थर लागेल. शेपटीवरच्या पट्टीतला लाल भाग मास्किंग टेप लावून तसाच बुजवा. मग पुन्हा क्लिअर कोट, आणि ऑइल कलर फक्त कापडी भागावर, पट्ट्यांच्या माथ्यावरून. इथवर झालं की दोन दिवस मॉडेलला हात लावू नका, नंतर खिडकीच्या उजेडात शेपटीच्या बाजूने बघा आणि त्याच कोनातून काढलेला फोटो मला पाठवा. धुरांड्यांचा डाग कुठवर न्यायचा ते त्यावरून सांगतो.